देवाला कामं सांगू नकोस

डिसेंबर सरत आला की आमच्या भागात संध्याकाळी सराव सुरू होतो. हवेत गारठा असतो, कोपऱ्यावर हुरड्याला कुणाच्या शेतात जायचं याच्या गप्पा चाललेल्या असतात, आणि रस्त्याच्या मधोमध एक माणूस कमरेच्या पट्ट्यात उंचच उंच काठीचा बुंधा टेकवून एकेक पाऊल टाकत असतो. भोवती पाच-पन्नास जण, आणि त्यांच्यापैकी कुणी मोठ्यानं बोलत नाही.

कागदोपत्री तिचं नाव नंदीध्वज. घरात मात्र आम्ही काठीच म्हणतो. 'काठ्या निघाल्या का?', 'काठ्या कुठवर आल्या?' संक्रांतीच्या दिवसांत सोलापुरात घरोघरी हेच विचारलं जातं. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी गावाच्या पंचक्रोशीत 68 लिंगं स्थापन केली. एका कुंभारकन्येनं त्यांच्याशीच लग्न करण्याचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावून दिलं, अशी कथा आहे. त्या लग्नाची आठवण म्हणजे आमची गड्ड्याची यात्रा, आणि त्या योगदंडाची खूण म्हणजे या सात काठ्या.

यंदा सरावाला उभा होतो. विशीतला एक मुलगा पहिल्यांदाच काठी पेलत होता. हात थरथरत होते, आणि तो सारखा खाली आपल्या पायांकडे बघत होता. बाजूचे एक म्हातारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "पाय बघू नको, शेंडा बघ." मुलानं मान वर केली आणि काठी सावरली.

मला एकदम माझी आजी आठवली. आजीच्या तोंडी काठी असायची ती वेगळी. रोज दिवेलागणीला देवापुढं वात लावली की ती म्हणायची, "त्याचं वाटोळं होणार बघ. देवाच्या काठीला आवाज नसतो."

'तो' कोण, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, गिरणीत जॉबर होते. बंद पडलेला माग नुसता आवाजावरून ओळखून दुरुस्त करणारा माणूस. 1877 साली सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढच्या तीन-चार पिढ्यांनी भोंग्यावर आपला दिवस बेतला. त्यातली शेवटची पिढी आमच्या अप्पांची. गिरणी बंद झाली तेव्हा हातात आलेल्या पैशांतून त्यांनी चार यंत्रमाग घेतले, टॉवेलचे. भागीदार होते त्यांचे लहानपणापासूनचे मित्र. मी त्यांना काका म्हणायचो, म्हणून इथंही काकाच म्हणतो. शेड काकांची, विजेचं मीटर काकांच्या नावावर. माग अप्पांचे, हात अप्पांचे, आणि सूत व्यापाऱ्याकडची उधारीही अप्पांच्याच नावावर. कागद एकही केलेला नव्हता. एका ताटात जेवलेल्या माणसांत कागद कसला करायचा, असं अप्पा म्हणायचे.

1996 सालच्या पावसाळ्यात एका सकाळी अप्पा कारखान्यावर गेले तर दाराला नवं कुलूप होतं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण असल्या गोष्टी सगळीकडे सारख्याच घडतात. अप्पा वकिलाकडे गेले. वकिलानं विचारलं, लिहिलेलं काय आहे? गल्लीतल्या चार जाणत्यांनी दोघांना समोर बसवलं. काकांनी ठरलेली रक्कम देतो म्हणून मान डोलावली आणि दिली नाही. सुताची उधारी मात्र अप्पांच्या दारात आली. ती फेडायला ते दुसऱ्याच्या कारखान्यावर जॉबर म्हणून रुजू झाले. 2003 साली शेवटचा हप्ता गेला. सात वर्षं. या सात वर्षांत आईच्या हातातल्या पाटल्या गेल्या आणि माझं इंजिनिअरिंग राहिलं. मी डी.एड. करून शिक्षक झालो. त्याचं मला आज दुःख नाही, पण तेव्हा होतं, आणि खूप होतं.

तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. आईची शिवणकामाची कात्री मोठी आणि जड होती. कारखान्याच्या मागच्या खिडकीची जाळी सैल आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं. सुट्टीच्या रात्री माग बंद असतात. त्या रात्री मी त्या खिडकीतून आत उतरलो.

ज्यानं कारखाना आतून पाहिला नसेल त्याला सांगतो, टॉवेलच्या मागाला ताण्याचे दोन बीम असतात. एक मूळ कापडाचा आणि दुसरा त्यावरच्या लोकरीसारख्या फुलांचा. दोन्हींवर हजारो धागे शेजारी शेजारी ताणून बसवलेले असतात. कात्रीचे चार-सहा घाव बसले की बीम कामातून जातो. मग एकेक टोक शोधायचं, जोडायचं, फणीतून ओवून घ्यायचं. कापायला एक मिनिट लागतं, जोडताना दिवस मोडतात. चारही मागांवर भरलेले बीम होते. बाहेरगावची ऑर्डर होती, हे मी आधीच काढून ठेवलं होतं. काकांचं नेमकं कुठं दुखेल याचा मी महिनाभर विचार केला होता.

पहिल्या मागापाशी गेलो. बॅटरी दातात धरली आणि कात्री उघडली. धाग्यांवर हात ठेवला तर खळ लावलेलं सूत बोटांना किंचित खरखरीत लागलं. त्या वासावर मी लहानाचा मोठा झालो होतो. अप्पांच्या सदऱ्याला तोच वास यायचा.

बॅटरीचा उजेड समोरच्या भिंतीवर पडला. भिंतीवर खडूच्या रेघा होत्या. चार उभ्या, पाचवी आडवी. पुन्हा चार उभ्या, पाचवी आडवी. त्या मागावर काम करणाऱ्या विणकराचा तो हिशेब होता, विणलेल्या नगांचा, कारण मजुरी नगावर मिळते. रेघांच्या खाली लिहिलं होतं, 'उचल 500'. तो माणूस आमच्याच गल्लीत राहायचा. घरात तेलुगू, बाहेर मराठी. मला शाळेत सोडताना आपल्या सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचा. बीम कापला तर काकांची ऑर्डर लांबली असती एवढंच. त्याच्या भिंतीवर मात्र आठवडाभर रेघ उठली नसती आणि पाचशेचे हजार झाले असते.

मी किती वेळ तिथं उभा होतो, सांगता येत नाही. मी काही मोठ्या मनाचा म्हणून थांबलो नाही. भीती होती, पकडले जाण्याचीही होती. पण पाय मागे घ्यायला लावलं ते त्या रेघांनी, हे मला पक्कं आठवतं. तोवर मला वाटत होतं की मधे कुणी नाही, मी आणि काका एवढेच आहोत. तिथं उभा राहिल्यावर दिसलं की मी जो धागा कापणार होतो तो आधी दुसऱ्याच माणसाच्या पोटातून जात होता.

घरी आलो तर अप्पा बाहेर कट्ट्यावर बसलेले. रात्रीचे दोन वाजून गेले असतील. हातावर तंबाखू मळत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कात्री जागेवर ठेव. आईला सकाळी लागते."

एवढंच. कुठं गेला होतास, काय करून आलास, काही विचारलं नाही. या गोष्टीवर ते माझ्याशी पुन्हा आयुष्यात कधी बोलले नाहीत.

पण आजीशी एकदा बोलले. मी तिथंच बसलो होतो. दिवा लावून आजी नेहमीचं वाक्य म्हणाली, त्याचं वाटोळं, देवाची काठी. अप्पा जेवत होते. भाकरीचा तुकडा शेंगाचटणीत तसाच धरून म्हणाले, "आई, देवाला कामं सांगू नकोस."

आजी गप्प झाली. मला त्या वेळी अप्पांचा राग आला. काही करू देत नाहीत, आणि आता बोलूही देत नाहीत! त्या वाक्याचा अर्थ उमगायला मला पुढची पंधरा-वीस वर्षं लागली.

कारण कात्री मी जागेवर ठेवली, पण हिशेब ठेवायचं सोडलं नव्हतं. मी फक्त मारेकरी बदलला होता. स्वतः जायच्या ऐवजी देवाला पाठवलं होतं आणि दारात बसून वाट बघत होतो. लोक याला श्रद्धा म्हणतात. मीही म्हणायचो. कुणी विचारलं की मोठ्या शांतपणे सांगायचो, 'आम्ही सगळं सिद्धेश्वरावर सोडलंय.' सोडलेलं काहीच नव्हतं. काकांना साखरेचा आजार झाल्याचं कळलं तेव्हा मी मनात एक रेघ ओढली. त्यांच्या मुलीचं लग्न मोडलं तेव्हा दुसरी. त्या मुलीनं माझं काय बिघडवलं होतं? हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही, याची आज शरम वाटते.

मग यंत्रमागांचे दिवस फिरले. सुताचे भाव, विजेची बिलं, बाहेरचा स्वस्त माल. पूर्व भागात ज्या गल्ल्यांमध्ये दोन माणसांना ओरडून बोलावं लागायचं तिथं दुपारी चिमण्या ऐकू यायला लागल्या. कितीतरी कारखानदारांनी माग भंगारात, किलोवर विकले. एक दिवस काकांच्या शेडसमोर टेम्पो उभा दिसला. त्यात आमचे चार माग तुकडे करून टाकलेले. एका तुकड्यावर अप्पांनी गुंडाळलेली निळी तार तशीच होती. मी सायकल थांबवून बघत राहिलो. छातीत काहीतरी गोड पसरलं. बसली, म्हटलं. काठी बसली.

घरी येऊन अप्पांना सांगितलं. ते तेव्हा अंथरुणालाच खिळले होते. आयुष्यभर कापसाची धूळ ओढलेली छाती, चार पावलं चाललं तरी धाप. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि विचारलं, "आणि समोरच्या लेनमधल्या मास्तरचे?"

समोरच्या लेनमधले मास्तर म्हणजे आख्ख्या भागात ज्यांच्या शब्दावर उधारी मिळायची असे सरळ गृहस्थ. त्यांचेही माग महिन्याभरापूर्वीच भंगारात गेले होते.

मग ती कुठली काठी होती? काकांवर पडली ती शिक्षा, आणि मास्तरांवर पडली ती मंदी? आणि माझ्यासमोर धापा टाकत पडलेला माणूस, ज्यानं कुणाचा एक पैसा बुडवला नाही, त्याला हे कशाचं फळ? दुसऱ्याच्या आजारात देवाचा न्याय वाचायचा आणि आपल्या घरातल्या आजारात नशीब, ही वाचण्याची रीत मला त्या रात्री सहन होईना. 2011 मध्ये अप्पा गेले. त्यांच्या तिसऱ्या दिवशी काका लांबून, रस्त्याच्या पलीकडून हात जोडून गेले असं कुणीतरी सांगितलं. मी पाहिलं नाही.

आजीचं माहेर मंगळवेढ्याकडचं. तिच्याकडून दामाजीपंतांची गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल. दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून मरायला लागली, दामाजीपंतांनी बादशाही कोठारं उघडून धान्य वाटून टाकलं. बिदरहून पकडायला शिपाई आले. पंत पोहोचायच्या आधीच विठोबा विठू महाराच्या रूपानं दरबारात गेला आणि धान्याचे पैसे भरून पावती घेऊन आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. अप्पा गेल्यानंतरच्या वर्षी माझ्या मुलीला ही गोष्ट सांगताना मी मधेच अडखळलो. देव साक्षात दरबारात उभा होता, बादशहा समोर होता, हातात काठी होती. त्यानं ती उगारली नाही. देणं फेडलं, पावती घेतली आणि निघून आला. मंगळवेढ्याच्या माणसांनी शेकडो वर्षं ही गोष्ट सांगितली, आणि बादशहाचं पुढं काय वाटोळं झालं हे त्यांना त्यात घालावंसं वाटलं नाही. माझ्या आजीनंही कधी घातलं नाही, जी रोज दिव्यापुढं काकांना शाप द्यायची!

अप्पांचं सात वर्षं हप्ते फेडणं मला त्या दिवशी नव्यानं दिसलं. मी त्याला हार समजत आलो होतो.

इथं एक गोष्ट ठणकावून लिहिली पाहिजे, नाहीतर माझ्या बोलण्याचा गैरवापर होईल. 'देव बघून घेईल' हे वाक्य मी फार वाईट ठिकाणी वापरलेलं ऐकलं आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईला नवरा मारायचा. तिच्या माहेरचे तिला हेच सांगायचे, सहन कर, देव बघतोय. हा संयम नव्हे. तिच्या तोंडावर हात दाबणं आहे हे. ती पोलीस ठाण्यात गेली तेव्हा मी आणि माझी बायको तिच्याबरोबर गेलो, आणि माझ्या हातून झालेल्या मोजक्या पुण्यांत मी ते धरतो. न्याय मागायला जाणं वेगळं आणि कात्री घेऊन खिडकीतून उतरणं वेगळं. अप्पाही वकिलाकडे गेले होते, पंचांपुढे बसले होते. दारं वाजवून झाल्यावर जे हातात उरलं नाही, तेवढंच त्यांनी वर सोपवलं.

आणि दुसरी शंका, ती मला अजूनही छळते. हे शहर अन्याय ओळखतं. 1930 च्या मे महिन्यात इथं गोळीबार झाला, काही दिवस शहराचा कारभार स्वयंसेवकांनी सांभाळला, आणि मग मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, या चौघांवर पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली. 12 जानेवारी, म्हणजे ऐन काठ्या निघायचे दिवस. चार हुतात्मा चौकातून जाताना दर संक्रांतीला माझ्या मनात येतं, त्या सकाळी देवाची काठी कुठं होती? मला उत्तर मिळालेलं नाही. ज्यांना लगेच उत्तर मिळतं त्यांच्यावर माझा विश्वास बसत नाही. तरीही मी काठ्यांच्या मागे अनवाणी चालतो. न्याय मला दिसेल अशी माझी अट आता राहिली नाही, पण न्याय आहे हे मी मानतो, जसं अप्पा नुसत्या आवाजावरून म्हणायचे की आत एक दात झिजलाय, खोलून बघायच्या आधीच.

आता गेल्या वर्षीचं सांगतो, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

अक्षता सोहळ्याचा, म्हणजे योगदंडाच्या त्या लग्नाचा दिवस. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यापासून काठ्या निघालेल्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगोळ्या, पांढऱ्या बाराबंदीतल्या माणसांची रीघ. 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' असं कुणीतरी म्हटलं की सगळा रस्ता गरजायचा. मी आधीच पुढे येऊन, जिथं हे लग्न लागतं त्या संमती कट्ट्याजवळ जागा धरली होती. तळ्यावरून गार वारा येत होता. शेजारी कुणीतरी हलकेच माझ्या दंडाला हात लावला.

काका होते. ऐंशीच्या घरातले, अगदी वाळलेले. बाराबंदी अंगात ढगळ झालेली. मागे त्यांचा मुलगा, त्यांचा खांदा धरून उभा.

मला बघून हसले. अगदी ओळखीचं हसू, आमच्या अंगणात सायकल लावताना हसायचे तसंच. "अप्पाचा ना तू?"

"हो काका."

"कुठाय तो? मघापासनं शोधलालोय त्याला." मग माझ्या कानाशी येऊन, काळजीच्या सुरात म्हणाले, "चार नंबरचा माग बंद पडलाय. त्याच्याबिगर कुणाला जमायचं न्हाई ते."

त्यांच्या मुलानं माझ्याकडे बघितलं. हळूच म्हणाला, "त्यांना आता काही आठवत नाही. मनावर घेऊ नका."

तीस वर्षं मी या माणसाशी मनातल्या मनात बोलत आलो होतो. काय काय विचारायचं हे पाठ होतं. माझा सगळा हिशेब त्यांच्या एका 'चुकलो'साठी अडला होता. आणि ज्याच्याकडून तो शब्द यायचा त्याच्याजवळ ते कुलूपच उरलं नव्हतं. कुलूप लावायच्या आधीच्या सकाळी ते माझ्या वडिलांना शोधत होते.

मनात रेघ उठली नाही. मी थांबून पाहिलं, खरंच नाही उठली. फक्त अप्पांचा सदरा आठवला, खळीच्या वासाचा.

"येतायत," मी म्हटलं. "मागं आहेत, काठ्यांबरोबर."

"बरं झालं," काका म्हणाले.

काठ्या कट्ट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. संमतीचं वाचन सुरू झालं आणि माणसांची कुजबुज थांबली. काकांनी आपली मूठ उघडून बघितली, ती रिकामी होती. अक्षता वाटेत कुठंतरी सांडल्या असाव्यात. मी माझ्यातल्या निम्म्या त्यांच्या तळहातावर ओतल्या आणि त्यांची बोटं मिटवली. जॉबरकाम त्यांनीही केलं होतं, बोटांच्या पेरांवर तेच जुने घट्टे होते.

'सत्यम् सत्यम्' ऐकू आलं तसे हजारो हात एकदम वर गेले. आभाळ क्षणभर पांढरं झालं. काका कट्ट्याकडे बघत नव्हते. मान वर करून काठीच्या शेंड्याकडे बघत होते. सगळ्यांच्या अक्षता पडून गेल्या, आणि मग त्यांचा हात वर गेला.